हजेरीपटावर सही आहे, नकाशात नाला नाही

आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे तयार करणाऱ्या, मंजूर करणाऱ्या आणि त्यांना निधी देणाऱ्या सर्वांना खुले पत्र

सविनय नमस्कार.

आमच्या वस्तीचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा नुकताच अंतिम झाला. मी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. प्रस्तावनेतच लिहिले आहे की हा आराखडा ‘स्थानिक नागरिकांच्या सक्रिय सहभागातून’ तयार झाला. पुरावा म्हणून मागे हजेरीपट जोडला आहे. त्यावर सतराव्या क्रमांकाला माझी सही आहे.

ती सही मी बैठकीच्या दारातच केली, आत पाऊल टाकण्याआधी. आराखडा तेव्हाच छापून तयार होता. टेबलावर त्याचे गठ्ठे रचलेले होते. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला होती, त्यामुळे ज्यांच्या घरात दर पुराला सगळ्यात आधी पाणी शिरते, त्यांच्यातले बहुतेक जण कामावर होते. पाऊण तास पडद्यावर नकाशे आणि तक्ते दाखवले गेले. शेवटी ‘कुणाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारल्यावर आमच्या शेजारच्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, “साहेब, या नकाशात नाला दिसत नाही.” साहेबांनी सभ्यपणे सांगितले, “नोंद घेतली.” अंतिम आराखडा आता माझ्यासमोर आहे. नाला अजूनही त्यात नाही.

नकाशात एक रेघ राहून गेली तर एवढे काय बिघडले, असे कुणाला वाटेल. म्हणून आमच्याकडे पूर कसा येतो ते आधी सांगते.

नदी काठ ओलांडून वस्तीत शिरते, ते सगळ्यात शेवटी. त्याच्या कितीतरी आधी नदीची पातळी चढते, नाल्याचे पाणी तिच्यात उतरू शकत नाही, ते मागे फुगते आणि वस्तीच्या पाठीमागून वर येते. घरातली पहिली खूण असते न्हाणीघराच्या जाळीतून येणारा गुडगुड आवाज. बाहेर अंगण कोरडे असते, नदी काठाच्या आत असते, आणि ती जाळी बोलू लागते. आमच्या गल्लीतल्या बायकांना हा आवाज झोपेतही ओळखू येतो. तो आला की कागदपत्रे, औषधे, गादी वर चढवायची आणि म्हाताऱ्या माणसांना उठवायचे. तिथून पुढे साधारण तासाभरात मागचा रस्ता पाण्याखाली जातो.

तुमच्या आराखड्यात वस्ती रिकामी करण्याचा मार्ग म्हणून हाच मागचा रस्ता हिरव्या बाणाने दाखवला आहे. आणि बाहेर पडण्याची सूचना द्यायची केव्हा, तर नदीवरच्या पुलाची मोजपट्टी धोक्याच्या पातळीला टेकल्यावर. तोपर्यंत तो हिरवा बाण कमरेएवढ्या पाण्यात बुडालेला असतो. हे मी अंदाजाने लिहीत नाही. गेल्या मोठ्या पुरात सासूबाईंना पाठीवर घेऊन मी त्याच रस्त्याने निघाले होते आणि अर्ध्या वाटेतून परत फिरावे लागले होते. पाण्याखाली गटाराचे झाकण कुठे उघडे आहे ते पायाने चाचपत चालताना त्या माझ्या कानाशी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “मला ठेव आणि तू जा.” आम्ही दोघी वाचलो ते पुढच्या घराच्या गच्चीवरून कुणीतरी दोर टाकला म्हणून. ज्याने दोर टाकला त्याचे नाव तुमच्या कुठल्याच यादीत नाही. तो भाडेकरू आहे, आणि याद्या घरमालकांच्या नावाने केल्या आहेत.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही आहे की आम्हाला विचारले जाते ते निर्णय झाल्यावर. ज्या जागी माणसे राहतात, तिथे कुठे झरा फुटतो, कुठली भिंत दर पावसाळ्यात फुगते, कुठला पूल आधी बुडतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असते. हे ऐकून न घेण्याची किंमत काय असते, याची उदाहरणे जगात कमी नाहीत. वेल्समधील अबरफान या खाणगावात डोंगरउतारावर कोळशाच्या खाणीतला टाकाऊ माल रचला जात होता, तोही झऱ्यांवर. खालच्या बाजूला शाळा होती. ढिगाबद्दल आणि गावात उतरणाऱ्या चिखलपाण्याबद्दल स्थानिकांच्या, नगर प्रशासनाच्या तक्रारी काही वर्षे चालू होत्या, कागदोपत्री नोंदलेल्याही होत्या. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो ढीग घसरला आणि १४४ माणसे गाडली गेली. त्यातली ११६ मुले होती. नंतरच्या चौकशीत दोष खाणी चालवणाऱ्या मंडळावर ठेवला गेला. त्या तक्रारी ज्यांनी लिहिल्या आणि वर कळवल्या, त्यांच्यापुढे नंतर कुणी कुठल्या तोंडाने उभे राहिले असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

उलट बाजूचे उदाहरणही सांगते. इंडोनेशियातल्या सिमेलुए बेटावर १९०७ साली त्सुनामी आली होती आणि पुष्कळ माणसे गेली होती. बेटावरच्या लोकांनी ती आठवण ‘स्मोंग’ या एका शब्दात आणि अंगाईसारख्या गाण्यांत जपली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला, तर डोंगराकडे धावा. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपाचे केंद्र या बेटाच्या अगदी जवळ होते. लाट यायला काही मिनिटेच होती. कुठलाही अधिकृत इशारा त्या वेळात पोहोचणे शक्य नव्हते. लोकांनी “स्मोंग!” अशी हाळी दिली आणि सगळे वर धावले. सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर मृत्यू नोंदले गेले सात. समोरच्या आचेच्या मुख्य भूमीवर त्याच लाटेने दीड लाखाहून जास्त माणसे नेली. आमच्या न्हाणीघरातला आवाज हाही एक ‘स्मोंग’च आहे. फक्त आमच्या आराखड्यात त्याला ओळ मिळालेली नाही.

दुसरी तक्रार इशाऱ्याच्या भाषेची. मोबाइलवर संदेश येतो की अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू आहे, सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे. सखल म्हणजे कोण? माझे घर सखल आहे की नाही, हे मला कुणी सांगितलेले नाही. ‘सतर्क राहणे’ म्हणजे नेमके काय करायचे? बसून राहायचे की निघायचे? आम्हाला क्युसेक नको, पायरी हवी. शाळेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी येईल, रात्री दोनच्या आसपास येईल, असे सांगा. लहान मूलही निघेल. फिलिपिन्समध्ये नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान चक्रीवादळ आले, तेव्हा वादळासोबत समुद्र आत शिरेल हा इशारा आधीच देण्यात आला होता. पण त्यासाठी वापरलेला शास्त्रीय शब्द किनाऱ्यावरच्या असंख्य लोकांना कळला नाही. ‘त्सुनामीसारखी लाट येईल असे सांगितले असते तर आम्ही पळालो असतो,’ असे वाचलेले लोक नंतर सांगत होते. सहा हजारांहून अधिक माणसे गेली. अंदाज बरोबर होता, शब्द पोहोचला नाही. इशाऱ्याचा मजकूर अंतिम करण्याआधी तो वस्तीतल्या दहा माणसांना वाचून दाखवा आणि ‘यातून तुम्हाला काय समजले?’ एवढेच विचारा. याला ना निधी लागतो ना निविदा.

तिसरी तक्रार, ज्यांना सगळ्यात जास्त धोका आहे ती माणसे तुमच्या हिशेबात नाहीत. आराखड्यात आमच्या वस्तीची लोकसंख्या आहे, घरांची संख्या आहे. पण खाटेवरून स्वतः उठू न शकणारी माणसे किती आणि कुठल्या घरात, ऐकू न येणारे कोण, आठवा-नववा महिना कुणाला चालू आहे, रात्री कुठल्या घरात फक्त लहान मुले असतात, यातले काही नाही. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीत अपंग व्यक्तींचा मृत्युदर बाकीच्यांच्या सुमारे दुप्पट होता, आणि जपानइतकी तयारी असलेले देश थोडेच. बांगलादेशात २९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली. त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होते. इशारे बाजारात, चव्हाट्यावर, पुरुषांच्या कानी पडत होते. घरातली बाई मुले सांभाळत नवऱ्याच्या येण्याची वाट पाहत राहिली. निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी सोय नव्हती, म्हणूनही कित्येक जणी गेल्या नाहीत.

त्याच देशाने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसे गेली होती. त्यानंतर गावागावांतून स्वयंसेवक उभे करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. झेंडे, भोंगे, रेडिओ घेऊन दारोदार जाणारी, ओळखीची माणसे. आज त्यांची संख्या ७६ हजारांच्या वर आहे आणि त्यात निम्म्या स्त्रिया आहेत. बाईला इशारा द्यायला बाई दारात येते. वादळे अजूनही येतात, पण मृतांचे आकडे लाखांवरून खाली आले. २०२० च्या अम्फान वादळाआधी वीस लाखांहून अधिक लोक हलवले गेले आणि त्या देशात मृत्यू काही डझनांच्या आत राहिले. उपग्रह, पक्के निवारे, बांध या सगळ्यांचा त्यात वाटा आहेच. पण शेवटच्या दारावर थाप मारायला माणूसच लागला.

चौथी गोष्ट रंगीत तालमीची. आमच्याकडे ती झाली भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर, शाळेच्या मुलांना रांगेत चालवत. फोटो निघाले. निवारा केंद्र म्हणून दाखवलेल्या इमारतीची किल्ली कुणाकडे असते, हे त्या दिवशीही कुणी सांगितले नाही. आमच्याकडचे दोन्ही मोठे पूर रात्रीच आले, वीज गेल्यावर.

या बाबतीत जपानमधल्या कामाइशी शहरातल्या उनोसुमाई भागाचे उदाहरण मी तुमच्यासमोर ठेवते, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. तिथे आपत्ती निवारणासाठी बांधलेले एक नवे केंद्र होते. त्सुनामीत आसरा घेण्यासाठी ते ठरवलेले नव्हते, पण उंचावरची जागा वयस्कर माणसांना लांब पडते म्हणून तालमी त्याच केंद्रात घेतल्या जात. ११ मार्च २०११ ला लोक सवयीप्रमाणे तिथेच गेले. त्या एका इमारतीत १६० हून अधिक माणसे गेली असावीत असा अंदाज आहे. आणि त्याच भागातल्या शाळांची मुले वाचली. त्यांच्या शाळा सरकारी नकाशात धोक्याच्या क्षेत्राबाहेर होत्या. पण प्राध्यापक तोशिताका कातादा आणि तिथल्या शिक्षकांनी काही वर्षे मुलांकडून त्यांच्या परिसराचे, घर ते शाळा वाटेचे नकाशे काढून घेतले होते आणि एक गोष्ट ठसवली होती: नकाशावर विसंबून राहू नका, समोर दिसते ते पाहा. मोठी मुले धाकट्यांचे हात धरून धावली. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मागचा कडा ढासळलेला दिसला, म्हणून आणखी वर गेली, मग आणखी वर. पहिली ठरलेली जागा त्यानंतर पाण्याखाली गेली. सोयीची तालीम आणि खरी तालीम यांत हा फरक पडतो.

आता एक गोष्ट आमच्याही बाजूची, प्रामाणिकपणे. वस्तीला सगळे कळते, असा माझा दावा नाही. ‘आमच्या आज्याच्या काळापासून पाणी कधी वडापर्यंत आले नाही’ असे म्हणत घरात बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि पाणी वडाच्या पुढे गेलेलेही पाहिले आहे. पाऊस बदलला, वरच्या अंगाला बांधकामे झाली, नदीचे पात्र आक्रसले. जुनी खूण आता पुरेशी नाही. त्यासाठी तुमचे अंदाज, तुमची मोजमापे, तुमचे तज्ज्ञ हवेतच. माझे भांडण तज्ज्ञांशी नाही. आमच्याकडचे ज्ञान आणि तुमच्याकडचे ज्ञान एका टेबलावर येतच नाही, याच्याशी आहे.

ते येऊ शकते. इक्वाडोरमध्ये तुंगुराहुआ ज्वालामुखी १९९९ मध्ये जागा झाला, तेव्हा बान्योस शहर आणि आसपासच्या गावांतल्या लोकांना सक्तीने हलवण्यात आले. काही महिन्यांत लोक सैन्याचा अडथळा मोडून घरी परतले. शेती, गुरे, पोट तिथेच होते. सरकार आणि लोक यांच्यातला विश्वास संपला होता. तो परत आला एका साध्या व्यवस्थेतून. डोंगराच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्या शेतकऱ्यांतून निरीक्षक नेमले गेले. त्यांना रेडिओ आणि प्रशिक्षण मिळाले. रोज संध्याकाळी ते वेधशाळेला सांगत: आज राख कुठे पडली, आवाज कसा होता, ओढ्यातून काय वाहत आले. वेधशाळा त्यांना सांगे की उपकरणे काय म्हणताहेत. शास्त्रज्ञांना डोळे मिळाले आणि गावाला शास्त्रज्ञांचा भरवसा. धोका वाढला की घर सोडायला सांगणारा माणूस शेजारच्या शेतातलाच होता.

शेवटची तक्रार पैशांची, ती थोडक्यात. सगळा खर्च आपत्ती आल्यावर होतो. बोटी, पाकिटे, पंचनामे, मदत. नाला साफ करायला, मागचा रस्ता दोन हात उचलायला, गच्चीवर जाणारा लोखंडी जिना लावायला मात्र ‘शीर्ष उपलब्ध नाही’, म्हणजे अंदाजपत्रकात या खर्चाला जागा नाही, असे उत्तर येते. फिलिपिन्सने २०१० च्या कायद्यात स्थानिक संस्थांच्या अंदाजित महसुलापैकी किमान पाच टक्के रक्कम आपत्ती जोखीम निवारणासाठी बाजूला काढायला लावली. त्यातले तीस टक्के तातडीच्या मदतीला राखीव आणि बाकीचे आधीच्या तयारीसाठी खर्च करता येतात. तिथेही अंमलबजावणीत अडचणी असतील. पण आपत्तीच्या आधी खर्च करायला पैसे ठेवायचे, हे निदान कायद्यात लिहिले गेले.

हे सगळे तुम्हाला नवीन नाही, हे मला माहीत आहे. मार्च २०१५ मध्ये सेंदाई इथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत देशांनी जो आराखडा स्वीकारला, तो २०३० पर्यंत लागू आहे. आपत्तीची जोखीम कमी करण्यात सगळ्या समाजाचा सहभाग असावा, स्त्रिया, मुले, वृद्ध, अपंग व्यक्ती यांना धोरण ठरवताना सामील करावे, शास्त्रीय माहितीला स्थानिक ज्ञानाची जोड द्यावी, हे त्यात लिहिलेले आहे. आमच्या आराखड्याच्या प्रस्तावनेत त्याचा उल्लेखही आहे. हजेरीपटाच्या कितीतरी पाने आधी.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

अंतिम झालेला आराखडा पुन्हा उघडा आणि बैठकीआधी वस्तीतून चालत जा. आमच्यातली चार-पाच माणसे बरोबर येतील. नाला, मागचा रस्ता, उघडी झाकणे, ज्या गच्चीवर शंभर माणसे उभी राहू शकतात ती गच्ची, सगळे जागेवर पाहून नकाशात भरा. लोकांनी केलेल्या प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर द्या: स्वीकारली किंवा नाकारली, आणि नाकारली तर का. ‘नोंद घेतली’ हे उत्तर यापुढे आम्ही मान्य करणार नाही.

वस्तीची कायमची समिती नेमा. त्यात निम्म्या स्त्रिया असू द्या, भाडेकरू असू द्या, निदान एक तरी अपंग व्यक्ती असू द्या. त्या समितीला निर्णयात मत द्या आणि आधीच्या तयारीसाठी खर्च करता येईल असा निधी द्या. रक्कम लहान असली तरी चालेल, हिशेब आम्ही चव्हाट्यावर लावू. कुठल्या घरात कुणाला उचलून न्यावे लागेल आणि कोण नेणार, ही यादी समितीने करावी आणि दर पावसाळ्याआधी नवी करावी. ती खासगी माहिती आहे, म्हणून ती ज्यांना गरज आहे त्यांच्याकडेच राहावी.

नदीच्या पातळीची आणि विसर्गाची माहिती आम्हाला त्याच वेळी द्या, ज्या वेळी ती तुमच्या कक्षात येते. बदल्यात नाल्याची पातळी आम्ही कळवू. त्यासाठी नाल्याजवळच्या खांबावर मोजपट्टी रंगवून द्या, वाचायला माणसे आमच्याकडे आहेत. बाहेर पडण्याचा इशारा नदी आणि नाला या दोन्हींवर ठरवा. रंगीत तालीम एकदा तरी रात्री घ्या, दिवे बंद ठेवून. निवाऱ्याच्या किल्ल्या तीन करा आणि त्यांतल्या दोन वस्तीत ठेवा. आणि प्रत्येक पुरानंतर, चिखल वाळण्याच्या आत, काय चुकले ते ऐकायला या. तेव्हा माणसांना सगळे आठवत असते.

जे तरुण पुरात दोर घेऊन उतरतात, त्यांना प्रशिक्षण, जीवरक्षक जाकिटे आणि विमा द्या. पहिल्या काही तासांत बाहेरची मदत पोहोचत नाही. कोबेच्या १९९५ च्या भूकंपातही ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेल्यांपैकी बहुतांश लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढले होते. आमच्याकडेही तेच घडते. आपल्या हिमतीवर उतरणारा माणूस दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घालतो. त्याच्या अंगावर साधे जाकीट नसावे, हे मला पाहवत नाही.

पावसाळा सुरू व्हायला फार दिवस उरलेले नाहीत. पुढची बैठक कृपा करून संध्याकाळी सातनंतर ठेवा, म्हणजे कामावर जाणारे येऊ शकतील. आजींना पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून ती तळमजल्यावर असावी. येताना नकाशाची मोठी प्रत आणि एक पेन्सिल आणा. नाला कुठून कुठे जातो, ते आजी काढून देणार आहेत.

आपली,
नदीकाठच्या वस्तीतील एक रहिवासी
(हजेरीपट क्रमांक १७)